पोरांचा पायथन, यंत्राचा पायथन

प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी पहिल्या बॅचमधल्या एका मुलीने हात वर केला. "सर, टर्मिनल उघडत नाहीये." मी म्हटलं, बाजूच्या मशीनवर बस. बाजूच्यावरही उघडेना. मग तिसऱ्यावर, चौथ्यावर. पाच मिनिटांत सगळी बॅच हात बांधून माझ्याकडे बघत बसली होती, आणि बाहेरून आलेले परीक्षक चहाचा कप घेऊन दारात उभे होते.

टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात आज्ञा टाइप करून संगणकाकडून काम करून घेतात. लिनक्सच्या लॅबमध्ये टर्मिनल बंद म्हणजे गिरणीत दळण घेऊन जावं आणि वीज गेलेली असावी.

मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक प्रयोगशाळेचा सहायक आहे. राहायला मावळात, आंबीला. तळेगाव स्टेशनवरून लोकल पकडायची, घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड करत पुण्यात उतरायचं, संध्याकाळी उलट. गावाच्या एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी, आणि मध्ये जी भातखाचरं उरलीत त्यातली दोन आमची. ती आबा बघतात. कॉलेजातली तीस यंत्रं मी बघतो. ही गोष्ट २०२२ च्या उन्हाळ्यातली. लॉकडाऊननंतर मुलं पहिल्यांदाच लॅबमध्ये बसून परीक्षा देणार होती.

आदल्या दिवशी तिसऱ्या वर्षाची पोरं माझ्याकडे आली होती. विषय डेटा सायन्सचा. घरी लॅपटॉपवर केलेला प्रोग्रॅम लॅबमध्ये चालेना. बघितलं तर अडचण साधी होती. घरच्या लॅपटॉपवर पायथन ही भाषा ३.९ किंवा ३.१० आवृत्तीची. लॅबमधली लिनक्स २०१८ सालची, तिच्यात पायथन ३.६. मशीन लर्निंगसाठी मुलं सायकिट-लर्न नावाचं ग्रंथालय, म्हणजे तयार कोडचा साठा, वापरतात. त्याच्या १.० आवृत्तीला किमान ३.७ पायथन लागतो, त्यामुळे आमच्या यंत्रांवर ते ०.२४ वरच अडकलेलं. निकालाचा तक्ता काढायची एक सोय १.० मध्ये नव्याने आली होती. पोरांनी इंटरनेटवर बघून तीच वापरलेली. लॅबचं यंत्र म्हणे, असलं काही माझ्याकडे नाही.

मला दया आली. दया आणि पावणेसहाच्या लोकलची घाई. मी बाहेरच्या एका भांडारातून पायथन ३.८ उतरवून घेतला. या भांडाराचं नाव आहे डेडस्नेक्स, मेलेले साप. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे. मग 'पायथन-थ्री' या नावाची पाटी ३.६ च्या दारावरून काढून ३.८ च्या दारावर लावली, आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहून हेच सगळ्या यंत्रांवर एकदम करून टाकलं. सतरा नंबरचा पॉवर सप्लाय गेला होता, ते यंत्र बंद होतं, ते तेवढं राहिलं. पोरांचा प्रोग्रॅम चालला. मी खुशीत लोकल पकडली.

सकाळचा घोळ याच पाटीने केला होता. आमच्या लिनक्समध्ये टर्मिनलची खिडकी उघडून देणारी जी छोटी मदतनीस स्क्रिप्ट असते, ती स्वतः पायथनमध्ये लिहिलेली असते. तिला एक जोडभाग लागतो, आणि तो फक्त ३.६ साठी बांधलेला होता. स्क्रिप्टने सवयीने 'पायथन-थ्री'चं दार वाजवलं, आत निघाला नवा माणूस. त्याला त्या जोडभागाचा पत्ताच नाही. त्यामुळे खिडकी उघडत नव्हती, आणि पडद्यावर एक अक्षरही उमटत नव्हतं, कारण तक्रार छापायची ती ज्या खिडकीत, तीच उघडत नव्हती.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबलं की चित्रांशिवायचा जुना काळा पडदा येतो. तिथून आत शिरून मी पाट्या परत जागेवर लावल्या. परीक्षा चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाली. पोरांनी जुन्या आवृत्तीत बसेल अशा तऱ्हेने प्रोग्रॅम बदलून लिहिला. परीक्षक भले माणूस होते. जाताना एवढंच म्हणाले, "सिस्टिमच्या पायथनला हात लावायचा नसतो हो."

त्या वाक्यावर मी पुढे महिनाभर लोकलमध्ये विचार केला. हात लावायचा नसतो, तर मग तो हाताशी ठेवलाय कशाला?

लिनक्स म्हणजे खरं तर फक्त गाभा. लिनुस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिहायला घेतला तो. नुसत्या गाभ्यावर आपलं काही भागत नाही. फाइली उघडायला, छापायला, आकडेमोडीला हजारो वेगवेगळे प्रोग्रॅम लागतात, वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी लिहिलेले. ते सगळे गोळा करायचे, एकमेकांशी भांडत नाहीत ना हे बघायचं, एका विशिष्ट रीतीने बांधायचे आणि लोकांना एका ठिकाणाहून द्यायचे, हे काम करणाऱ्या मंडळींना डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. आम्ही आपलं डिस्ट्रो. डेबियन हे त्यातलं जुनं घराणं. इयन मर्डॉकने ऑगस्ट १९९३ मध्ये ते सुरू केलं, आणि नाव ठेवलं मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन मिळून. उबुंटू डेबियनवरूनच बनते. फेडोरा हे वेगळं घराणं. बांधलेल्या प्रत्येक गाठोड्याला पॅकेज म्हणतात. अ‍ॅप्ट नावाच्या आज्ञेने ते मागवलं की त्याला लागणारी बाकीची गाठोडीही आपोआप येतात.

आबांना हे समजावताना मी बियाण्याचं उदाहरण दिलं होतं. आमच्याकडे इंद्रायणी पेरतात. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून हा वाण आमच्या शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने काढला, १९८७ मध्ये. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो, पायाभूत बियाण्याच्या पिशवीला पांढरा. टॅगवर लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत. म्हणजे कुणीतरी त्या प्लॉटमध्ये फिरलंय, भेसळीची रोपं उपटून टाकलीत, उगवण मोजलीये आणि मग सही केलीये. डिस्ट्रोचं पॅकेज म्हणजे निळ्या टॅगची पिशवी. त्यावर खरोखरीच डिजिटल सही असते, आणि सही जुळली नाही तर यंत्र पिशवी उघडत नाही.

आबा म्हणाले, "मग नडतंय कुठं?"

नडतंय वेळेशी. निळा टॅग लागायला वेळ लागतो. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्तीही दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये. एकदा आली की आतल्या आवृत्त्या गोठवतात. पुढची काही वर्षं फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. बँकेच्या सर्व्हरला यासारखं सुख नाही. पण भाषांची दुनिया या चालीने चालत नाही. पायथनची नवी आवृत्ती दर वर्षी येते. ग्रंथालयं तर महिन्या-दोन महिन्यांनी कात टाकतात.

म्हणून प्रत्येक भाषेने आपला स्वतःचा बाजार मांडला. पर्ल भाषेचा सीपॅन १९९५ मध्ये, पायथनचा पायपीआय २००३ मध्ये, रूबीचे जेम्स २००४ मध्ये, जावास्क्रिप्टचा एनपीएम २०१० मध्ये, नंतर रस्टचा क्रेट्स. इथे टॅग नाही, तपासनीस नाही. ज्याने लिहिलं त्याने संध्याकाळी टाकलं, रात्री जगभर पोचलं. डेबियन १२ मध्ये चौसष्ट हजारांवर पॅकेजेस होती. पायपीआयवर पाच लाखांवर प्रकल्प आहेत, एनपीएमवर वीस लाखांवर. एवढ्या पिशव्यांना टॅग लावायचे तर माणसं आणायची कुठून?

दोन्ही बाजार आपापल्या जागी चांगले आहेत. वैताग येतो तो दोन्हींचा माल एकाच कोठारात पडला की. पिप ही पायथनच्या बाजाराची आज्ञा, अ‍ॅप्ट ही डिस्ट्रोची. कित्येक वर्षं दोघीही एकमेकींना न सांगता एकाच यंत्रावर माल ओतत होत्या. पिपने आणलेल्या नव्या आवृत्तीने अ‍ॅप्टची जुनी झाकली, तर अ‍ॅप्टवर विसंबलेला एखादा प्रोग्रॅम मधेच कोसळतो. कोसळतो तो अशा ठिकाणी, की तुम्हाला संबंध लागत नाही. जुन्या सेंटओएस या डिस्ट्रोत तर पॅकेज आणणारी यम नावाची आज्ञा स्वतःच पायथनमध्ये लिहिलेली होती. पायथन बिघडवलात की तो दुरुस्त करायचं हत्यारही गेलं. विहिरीत पडलेली बादली काढायला दुसरी बादली नाही, असं.

आणखी एक गंमत. डिस्ट्रोवाले भाषेची शकलं करतात. पायथनच्या कर्त्यांनी भाषेबरोबर जे जे सगळं एकत्र दिलंय, ते डेबियन आणि उबुंटूत वेगवेगळ्या पिशव्यांत मिळतं. खिडक्या काढायचं टीके वेगळं. स्वतंत्र कप्पा बनवायची सोय, जिला व्हेन्व म्हणतात, ती वेगळी. सी भाषेतले भाग जोडायला लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या. यात त्यांचा हिशेब आहे. ज्या सर्व्हरला खिडक्याच नाहीत त्यावर खिडक्यांचं सामान कशाला? पण दुसऱ्या वर्षाचा मुलगा पुस्तक उघडून बसलेला असतो. पुस्तक म्हणतं, व्हेन्व पायथनबरोबर येतो. यंत्र म्हणतं, नाही येत. मुलगा म्हणतो, "सर, पुस्तक चुकलंय." पुस्तकही बरोबर आणि यंत्रही बरोबर, हे त्याला पटवता पटवता माझा तास जातो.

डेटाबेसच्या मिनी प्रोजेक्टच्या दिवसांत लॅबमध्ये एकच ओळ घुमत असते: पायथन डॉट एच सापडत नाही. दर वर्षी, दर बॅचला. हेडर फाइलींची पिशवी आणली की ती ओळ जाते आणि मायएसक्यूएलच्या हेडर नाहीत अशी दुसरी येते. मी आता फळ्याच्या कोपऱ्यात लागणाऱ्या पिशव्यांची नावं लिहून ठेवलीत आणि खाली 'पुसू नये' असं लिहिलंय.

नावांचा गोंधळ आणखी वेगळा. बाजारात ज्याचं नाव ब्यूटिफुलसूप-फोर, ते डिस्ट्रोत पायथन-थ्री-बीएस-फोर. बाजारातलं पिलो इथे पायथन-थ्री-पिल. माहेरचं एक नाव, सासरचं दुसरं. यातला नामी किस्सा नोड जेएसचा. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या या प्रोग्रॅमची आज्ञा जगभर 'नोड'. पण डेबियनमध्ये 'नोड' हे नाव आधीच घेतलेलं होतं, हॅम रेडिओवाल्यांच्या एका प्रोग्रॅमने. हौशी रेडिओवाले त्याच्यावरून पॅकेट रेडिओची जोडणी करायचे. आता जगात नोड जेएस वापरणारे किती आणि रेडिओवाले किती? पण डेबियनमध्ये गर्दी बघून निकाल देत नाहीत. प्रकरण त्यांच्या तांत्रिक समितीपुढे गेलं आणि २०१२ मध्ये ठरलं की जावास्क्रिप्टवाल्याने 'नोडजेएस' म्हणावं. झालं! 'नोड' अशी हाक मारणारे हजारो प्रोग्रॅम डेबियनवर अडले. मग जुनं नाव परत देणारी एक वेगळी पिशवी काढावी लागली. पुढे काही वर्षांनी 'नोड' हे नाव मिळालंच. मला या गोष्टीत कुणाची चूक दिसत नाही. रेडिओवाला म्हातारा आधी येऊन बसला होता, एवढंच.

आणि एक प्रसंग सांगतो, ज्यात मी खरंच डोकं धरून बसलो. २०२१ च्या फेब्रुवारीत पायथनच्या क्रिप्टोग्राफी या ग्रंथालयाने आपला काही भाग रस्ट या नव्या भाषेत लिहायला घेतला. कारण चांगलं होतं, रस्टमध्ये स्मृतीच्या चुका सहसा होत नाहीत. ज्यांचं पिप नवं होतं त्यांना तयार बांधलेली फाइल मिळाली, त्यांना काही कळलंही नाही. पण डिस्ट्रोने दिलेलं आमचं पिप २०१८ च्या लिनक्ससोबत आलेलं. त्याला नव्या धाटणीची तयार फाइल ओळखताच येत नव्हती. मग ते मूळ स्रोत आणून घरीच बांधायला बसलं आणि रस्टचा कंपायलर मागायला लागलं. लॉगिनचा एक साधा प्रोजेक्ट करणारी पोरगी विचारते, "सर, हा रस्ट कुठल्या सेमिस्टरला आहे?"

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, मी डिस्ट्रोवाल्यांच्या विरोधात आहे. तसं नाही, आणि त्याचं कारण नोव्हेंबर २०११ मध्ये आहे. तेव्हा पुण्यात सीओईपीच्या आवारात फडकॉन भरली होती, फेडोरा वापरणाऱ्या आणि बनवणाऱ्यांचा मेळावा. मी डिप्लोमाला होतो, मित्राबरोबर टी-शर्ट मिळतो म्हणून गेलो. तिथे एका वर्गात एक माणूस पॅकेज कसं बांधतात ते दाखवत होता. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम असेल. त्याने पहिला अर्धा तास नुसता परवाना वाचला. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर काय लिहिलंय, कुणाचा हक्क, वाटायची परवानगी आहे का. मग स्रोताच्या पोटात दडवून ठेवलेली दुसऱ्या एका ग्रंथालयाची जुनी प्रत त्याने शोधून काढली आणि उडवून टाकली. "हे आपल्याकडे आधीच आहे, एकदाच ठेवायचं," तो म्हणाला. मला तेव्हा तो नसता सोवळेपणा वाटला.

सोवळेपणा नव्हता, हे सप्टेंबर २०२३ मध्ये कळलं. चित्रं उलगडणाऱ्या लिबवेबपी नावाच्या ग्रंथालयात एक धोकादायक छिद्र सापडलं. नुसतं चित्र दाखवून यंत्रात घुसता येईल, असलं. डिस्ट्रोंनी एक पिशवी बदलली आणि तिच्यावर विसंबलेले सगळे प्रोग्रॅम एका दमात सुधारले. पण पिपच्या बाजारातल्या तयार फाइली आपापली ग्रंथालयं पोटातच घेऊन फिरतात. पिलोला त्यासाठी स्वतःची वेगळी आवृत्ती काढावी लागली, आणि ज्याच्या ज्याच्या पोटात लिबवेबपी होतं त्या प्रत्येकाला तेच करावं लागलं. माझ्या तीस यंत्रांत मुलांनी बनवलेले किती कप्पे असतील आणि त्यातल्या किती कप्प्यांत ते जुनं छिद्र अजून असेल, याचा हिशेब मी मांडलेला नाही. मांडायची हिंमत नाही.

आणि हे टॅग लावणारे लोक कोण? बहुतेक स्वयंसेवक. त्याच महिन्यात डेबियनचं जागतिक संमेलन कोचीला झालं, भारतात पहिल्यांदा. आपल्याकडच्या डेबियनवाल्यांत प्रवीण अरिंब्रतोडियिल हे नाव जुनं. गिटलॅब हे प्रोग्रॅमरांचं मोठं सॉफ्टवेअर डेबियनमध्ये आणायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं रेटलं. गिटलॅब रूबीत लिहिलेलं. त्याच्या खाली शेकडो जेम्स, शिवाय जावास्क्रिप्टचे ढीग. त्यातलं प्रत्येक वेगळं बांधायचं, परवाना तपासायचा, एकाच आवृत्तीवर सगळ्यांना राजी करायचं. आणि गिटलॅबची नवी आवृत्ती दर महिन्याला! दोन वर्षांनी निघणाऱ्या गाडीत दर महिन्याचं पोतं चढवायचं कसं? शेवटी त्यासाठी फास्टट्रॅक नावाचं वेगळं भांडार काढलं. मला हे वाचून आवणीचे दिवस आठवले. एका खाचराचा तरवा लावून होतोय तोवर दुसरीकडची चिखलणी सुकायला लागलेली असते.

मुक्त बाजाराचं भय काय असतं, ते मार्च २०१६ मध्ये जगाने पाहिलं. एनपीएमवर लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज होतं. शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणं, एवढंच त्याचं काम. नावावरून झालेल्या वादात त्याच्या लेखकाने रागारागाने ते काढून घेतलं, आणि त्यावर उभे असलेले मोठमोठे प्रकल्प बांधले जाईनात. डिस्ट्रोत असं होत नाही, लेखक रुसला तरी पिशवी भांडारात राहते. पण टॅगवाल्यांनीही फार मिशीला पीळ देऊ नये. २००८ मध्ये उघड झालं, की डेबियनच्याच एका दुरुस्तीमुळे ओपनएसएसएल या ग्रंथालयाने बनवलेल्या गुप्त किल्ल्या दीड-दोन वर्षं सहज ओळखता येण्याजोग्या झाल्या होत्या. मूळ लेखकांचा कोड ठीक होता, तपासनीसाने 'स्वच्छ' करताना बिघडवला. आणि २९ मार्च २०२४ ला एक्सझेडचं प्रकरण बाहेर आलं. आन्द्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला दूरच्या यंत्रात शिरायला वापरतात त्या एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा संशय आला. उकरलं तर दाब-आवळ करणाऱ्या एका साध्या ग्रंथालयात कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून चोरदार बसवलं होतं. ते डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोचलं, स्थिर शाखेत मात्र आलं नाही. गोठवण्याच्या त्या सवयीनेच वाचवलं. पण त्या ग्रंथालयाचा एसएसएचशी संबंध आला कसा? मूळ एसएसएचमध्ये तो नव्हताच. काही डिस्ट्रोंनी आपल्या सोयीसाठी जी जोड दिली होती, तिच्यातून आला. बोला आता.

इकडे आमच्या लॅबमध्ये नवी लिनक्स आली आणि एक नवा संदेश आला. पिप इन्स्टॉल म्हटलं की यंत्र म्हणतं: एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट. म्हणजे, इथला कारभारी दुसरा आहे, इथे माल टाकू नका. पायथनवाल्यांनी आणि डिस्ट्रोवाल्यांनी मिळून केलेला हा करार. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून तो लागू झाला, उबुंटूत थोडा आधीच. ऑक्टोबरात रास्पबेरी पायच्या लिनक्समध्येही आला, आणि शाळा-कॉलेजांतले कितीतरी जुने धडे पहिल्याच ओळीला अडले. संदेशाच्या खाली पळवाटही लिहिलेली असते. आज्ञेला 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हे शब्द जोडा, म्हणजे ऐकेन. सिस्टिम मोडा, असं स्वच्छ लिहिलंय. तरी निम्मी पोरं ते शब्द जोडतात. परीक्षा उद्या असते ना.

मला हा संदेश आवडतो. माझं म्हणणं इतकंच, की तो यायला वीस वर्षं लागायला नको होती. यंत्राचा पायथन यंत्राचा, पोरांचा पायथन पोरांचा, एवढी साधी वाटणी. घराच्या उंबऱ्यावर आधी लिहिलं असतं तर त्या उन्हाळ्यात परीक्षकांचा चहा गार झाला नसता. पण दोन्हीकडचे लोक आपापल्या अंगणात काटेकोर होते, मधल्या बांधावर कुणाचंच लक्ष नव्हतं. बांधावर राहणारे आम्ही, लॅबवाले.

आता मी काय करतो? एका जुन्या यंत्रावर अ‍ॅप्टचा साठा ठेवलाय. डिस्ट्रोची पिशवी बाहेरून एकदाच येते, बाकीची यंत्रं तिथून घेतात. मुलांसाठी प्रत्येक विषयाचा वेगळा व्हेन्व. त्यात डीप लर्निंगचा सगळ्यात जड. त्याचं पायटॉर्च ग्राफिक कार्डाच्या सामानासकट मागवलं तर दोन जीबीच्या वर जातं, आणि तीस पोरांनी एकाच वेळी मागवलं तर कॉलेजचं नेट गुडघे टेकतं. म्हणून मी त्या तयार फाइली, ज्यांना व्हील म्हणतात, रात्री उतरवून ठेवतो. नवलाख उंबऱ्याचा एक मुलगा आहे, पावसात त्याच्या घरी वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे. तो पेन ड्राइव्हवर व्हील भरून नेतो. पहिल्यांदा नेल्या त्या घरी बसल्याच नाहीत. मग त्याला व्हीलचं नाव वाचायला शिकवलं. नावातच सगळं असतं. कुठल्या पायथनसाठी, किती जुन्या लिनक्सपर्यंत, कुठल्या प्रोसेसरसाठी. सीपी-३१० म्हणजे ३.१० चीच, ३.१२ वर बसणार नाही. "बियाण्याचा टॅगच की सर हा," तो म्हणाला. त्याच्याही घरी इंद्रायणीच आहे. फक्त सही कुणाची, ते या टॅगवर नसतं.

सतरा नंबरचं यंत्र राहिलं सांगायचं. २०२२ च्या दिवाळीत त्याला नवा पॉवर सप्लाय मिळाला. बाकीच्या लॅबमध्ये नवी लिनक्स टाकताना मी त्याला मुद्दाम वगळलं. एकदा ते चालू केलं, ३.८ उतरवून 'पायथन-थ्री'ची पाटी हाताने ३.६ वरून काढून ३.८ वर लावली आणि तसंच सोडून दिलं. दर जूनमध्ये नवी बॅच आली की पहिल्या दिवशी दोघांना त्याच्यापुढे बसवतो आणि सांगतो, टर्मिनल उघडा. उघडत नाही. मी चहा घ्यायला जातो. यंदाच्या पोरांनी पंचवीस मिनिटं लावली. गेल्या वर्षीच्या दोघी मुलींनी नऊ मिनिटांत काळा पडदा काढला होता आणि मी परत येईपर्यंत पाटी जागेवर लावून मॉनिटरला चिठ्ठीही चिकटवली होती: सर, हे पूर्ववत कसं बिघडवायचं?